माझगाव

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील जुनी वस्ती. मूळ सात बेटांपैकी एक. नावाची व्युत्पत्ती कोणी 'मत्स्यग्राम'वरून सांगतात, कोणी सरळ 'माझं गाव' असा अर्थ लावतात. दुसरी गोष्ट ऐकायला गोड, एवढेच. कोळी आणि भंडारी हे इथले जुने रहिवासी. भंडारवाडा टेकडी हे नाव त्यांचीच खूण आहे.

पोर्तुगीज काळात हे बेट डिसूझा घराण्याकडे होते. त्या काळात, १६३२मध्ये, इथे ग्लोरिया चर्च उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाडून भायखळ्याला नव्याने बांधण्यात आले. इंग्रजांनी बांधलेल्या किल्ल्याची कथा आणखी लहान: जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर चाल करून माझगाव घेतले आणि १६९०मध्ये परत जाताना किल्ला उद्ध्वस्त केला. इथली आमराई मात्र पुढेही नावाजलेली राहिली. काही झाडे वर्षातून दोनदा फळत, नाताळाच्या सुमारास आणि पुन्हा उन्हाळ्यात.

माझगाव गोदीची सुरुवात १७७४च्या एका लहान सुक्या गोदीपासून झाली. १९३४मध्ये तिची कंपनी झाली, १९६०मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. १९७२मध्ये नौदलात दाखल झालेली 'नीलगिरी' ही फ्रिगेट जातीची युद्धनौका इथलीच. पाणबुड्याही इथे बांधल्या जातात. जवळचा भाऊचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने ओळखला जातो. मासळीचा लिलाव आणि रेवस-मोऱ्याच्या लाँची यांमुळे रायगडकरांना तो घरच्यासारखा. १७ जुलै १९४७ रोजी इथून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणात ती आठवण अजून आहे.

म्हातारपाखाडी हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचे गावठाण: लाकडी जिने, सज्जे, कौलारू घरे, चौकातला क्रूस. टिळकांचे सहकारी, स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष (आजच्या भाषेत महापौर) झालेले जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा इथलेच. भंडारवाडा टेकडीवरच्या जलाशयावरील बागेला त्यांचे नाव आहे. भर घालून किनारा पुढे सरकला, मध्ये गोदी, रूळ आणि गोदामे आली. त्यामुळे एकेकाळच्या या बेटावरून आज समुद्र पाहायचा तर त्या बागेतच चढावे लागते.