पार्श्वभूमी : पंढरीच्या गाभाऱ्यात सेवेचा हक्क कुणाचा?

जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे आणि उत्पात या पिढीजात हक्कदार घराण्यांचं अपील फेटाळलं आणि विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातले पिढीजात हक्क कायमचे संपले. चार महिन्यांत मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी जाहिरात काढली : जातीची अट नाही, बाईनेही अर्ज करावा. देवाची सेवा करायची आहे, मग या मुलाखतीला. अनेकांना हा निर्णय अचानक आल्यासारखा वाटला, पण त्यामागे 41 वर्षांचं कोर्टकज्जाचं आणि त्याहून कितीतरी जुनं भांडण आहे.

वारकरी होणं हा निवडीचा मामला. तुळशीची माळ गळ्यात पडते ती एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून, एकादशी पाळीन, मांस-मद्य सोडीन, वारी चुकवणार नाही, अशा शब्दावर. जात विचारत नाहीत, निदान विचारू नये असा दंडक आहे. गाभाऱ्यात मात्र सगळं जन्मावर ठरायचं. मूर्तीला हात लावून पूजा करणार पुजारी, मंत्र म्हणणार बेणारी, पाणी आणणार परिचारक, पदं आणि आरती हरिदासांची, आरसा धरणार डिंगरे, दिवटी दिवट्यांची, चोप घेऊन उभे राहणार डांगे. हे सात सेवाधारी, त्यांच्यावर देखरेख बडव्यांची आणि रुक्मिणीकडे उत्पात. दिंडीत मृदंग कुणीही गळ्यात अडकवावा, पण देवापुढे आरसा कुणी धरायचा हे आडनावावरून ठरलेलं. बडव्यांनी मारल्याची तक्रार थेट विठ्ठलाकडे करणारा चोखोबाचा अभंग चौदाव्या शतकातला आहे, म्हणजे कुरबुर केवढी जुनी ते कळावं.

बडव्यांची बाजूही आहे. औरंगजेबाची छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीला पडली होती, त्या धामधुमीत मूर्ती पंढरपुरातून हलवून लपवून ठेवल्याचं ते सांगतात. संकटात देव सांभाळला तो आमच्या वाडवडिलांनी, मग सेवा आमचीच, हा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नाही. पण देव राखल्याचा मोबदला म्हणून देवापुढच्या पैशावर वंशपरंपरा हक्क, आणि तो हक्क आपापसात लिलावाने फिरवायचा, हे भाविकाच्या गळी उतरणं कठीणच होतं.

मे 1947 मध्ये पंढरपुरातल्या एका मठात झालेल्या उपोषणानंतर अस्पृश्य मानलेल्यांना मंदिराचं दार उघडलं. तेव्हाची एक गोष्ट अजून सांगितली जाते : प्रवेशाआधी काही जणांनी विठ्ठलाचं तेज विधिपूर्वक काढून एका घागरीत ठेवलं, म्हणजे आत येणाऱ्यांना नुसता दगड दिसावा. देवाच्या सामर्थ्यावर याहून कमी विश्वास कुणी दाखवला असेल असं वाटत नाही. घागरीत मावणारा देव चोखोबाच्या अभंगातला खचितच नव्हे.

दार उघडलं तरी आतली व्यवस्था तीच राहिली. भाविकांच्या तक्रारी वाढत गेल्या : दक्षिणेसाठी अडवणूक, पायांवर डोकं टेकवताना होणारी ओढाताण. चौकशीसाठी एका सदस्याचा आयोग नेमला गेला आणि त्यापाठोपाठ पंढरपूर मंदिरे अधिनियम, 1973 आला. कायद्याने सेवाधारी आणि पुजारी वर्गांचे सगळे वंशपरंपरागत हक्क रद्द केले आणि कारभार सरकारनियुक्त समितीकडे देण्याचं ठरवलं. इथेच खरी गाठ बसली. हक्कदारांचं म्हणणं : आमची सेवा हा आमचा धर्म आहे आणि संविधानाच्या 25 व्या व 26 व्या कलमांनी धर्म राखलेला आहे. शिवाय ती आमची मिळकतही आहे. सरकारची बाजू : पूजा कशी करायची हा धर्माचा प्रश्न, पण ती करणारा माणूस कसा नेमायचा हा व्यवहाराचा. तामिळनाडूतल्या अर्चकांच्या, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये हीच रेघ ओढली होती, तिचा आधार पंढरपूरच्या कायद्याला आयताच मिळाला.

खरं तर दोन्ही बाजू एकाच जागी अडल्या होत्या. सेवा मिळकत असेल तर तिचा हिशेब द्यावा लागतो, आणि धर्म असेल तर दक्षिणेवर दावा कसा सांगणार? हा पेच हक्कदारांना शेवटपर्यंत सुटला नाही. तरीही तारखा पडत राहिल्या. समिती 1985 मध्ये आली, पण मंदिरात दोन सत्ता नांदत होत्या. भाविकाला दक्षिणा पेटीत टाकावी की पुढे आलेल्या तळहातावर, हे ठाऊक नसायचं. हा घोळ 2014 पर्यंत चालला.

याच काळात आणखी एक वाद झाला. निधर्मी राज्याच्या मंत्र्यांनी आषाढीची महापूजा का करावी, असा आक्षेप 1970 च्या सुमारास निघाला आणि पूजा थांबली. नेमका 1972 चा दुष्काळ पडला. विठ्ठल कोपला, अशी बोलवा झाली आणि पूजा पुन्हा सुरू झाली. दुष्काळाची कारणं वेगळी होती हे सांगायला नको, पण लोकभावनेपुढे सरकारला नमतं घ्यावं लागलं.

आता पुजारी पगारी आहेत, समितीचे सदस्य सरकार बदललं की बदलतात आणि त्यात पुढाऱ्यांची सोय लावली जाते, हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. जुन्या हक्कदारांतले काही जण त्यावर बोट ठेवतात, तेव्हा निरुत्तर व्हावं लागतं. मात्र महापूजेत एक चांगली रीत रुजली : रांगेत उभ्या असलेल्यांतल्या एका दांपत्याला मुख्यमंत्र्यांबरोबर पूजेला बसवतात. निवडीला ना आडनाव लागतं ना ओळख, फक्त त्या घटकेला रांगेत पुढे असावं लागतं. या मानाच्या वारकऱ्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पासही मिळतो.