इमारतींमधील अग्निसुरक्षा (कोल्हापूर शहर)

इमारतीत आग लागू नये, लागलीच तर पसरू नये आणि आतल्या माणसांना सुखरूप बाहेर पडता यावे, यासाठी असलेले बांधकामाचे नियम, यंत्रणा आणि रोजची खबरदारी या सर्वांना मिळून अग्निसुरक्षा म्हणतात. यात सर्वांत मोलाचा जिना, आणि हेळसांडही त्याचीच जास्त होते. पेठांतल्या जुन्या घरांना आणि तीन-चार मजली अपार्टमेंटना बहुधा एकच जिना असतो. त्याच्याच खाली वीजमीटरचे बोर्ड आणि बोर्डाला खेटून लावलेल्या दुचाकी असतात. बोर्ड पेटला की पेट्रोल, सीट आणि टायर पेट घेतात आणि जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो. जाळ तळमजल्यावरच राहतो, पण तिसऱ्या मजल्यावरची माणसे धुराने गुदमरतात. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर धूर तिथेच कोंडतो आणि वर पळालेली माणसे त्यात अडकतात.

बोर्ड पेटण्यामागे बहुतेकदा सैल जोड असतो. स्क्रू ढिला झाला की तेवढ्याच जागी विरोध वाढून तार तापते, आवरण काळे पडते, जळका वास येतो. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडत नाही. तो पडला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, हा समज घातक आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथे ही तपासणी विशेष गरजेची. बोर्ड वरून कोरडा दिसला तरी आत गाळ आणि गंज राहतो. भिजलेले एमसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत, बदलावेत. जमिनीकडे होणारी वीजगळती ओळखण्यासाठी घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ हा कायदा डिसेंबर 2008 पासून लागू आहे. यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. कायद्याच्या कक्षेतील इमारतींना परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत ‘प्रपत्र ब’, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, घ्यावे लागते. राष्ट्रीय इमारत संहिता (2016) 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते. अशा ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर असते, पण आग विझवण्याच्या पाण्याच्या पंपाचे पॅनेल ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर ठेवलेले आढळते, म्हणजे पंप आपोआप सुरू होत नाही. पंपाची वीजजोडणी इमारतीच्या मुख्य स्विचच्या आधी घेतलेली असावी. नाहीतर आगीत मुख्य स्विच बंद करताच पंपही थांबतो.

घरासाठी व दुकानासाठी एबीसी पावडरचे (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारे) अग्निशामक उपयोगी. पिन ओढून, दोन-अडीच मीटरवरून जाळाच्या मुळाशी झाडू फिरवल्यासारखा फवारा मारावा. सहा किलोचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो, म्हणून पाठीमागे बाहेर पडायची वाट हवीच. सिलिंडरवरच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असला म्हणजे दाब आहे एवढेच कळते. आत पावडर गोळा झाली असेल तर ते काट्यावरून समजत नाही. थोडासा वापरला तरी तो पुन्हा भरून घ्यावा, कारण झडपेत पावडर अडकून दाब हळूहळू गळतो.

वडे-भजी तळताना कढईने पेट घेतला तर पाणी ओतू नये. पाणी तेलाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करून झाकण बाजूने सरकवावे आणि कढई गार होईपर्यंत उचलू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळतीचा गॅस फरशीलगत साचतो. अशा वेळी दारे-खिडक्या उघडाव्यात, बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. चपला चिकटवण्याच्या सोल्यूशनची वाफही अशीच जमिनीलगत पसरते. डबा उघडा ठेवून शेजारी शेगडी किंवा विडी पेटवली तर ही वाफ तिथवर जाऊन भडकते.

जुन्या वास्तूंत लाकडी छत, माडी आणि कोरडे सागवान यांमुळे आग वेगाने पसरते. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, 1915 मध्ये सुरू झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत भस्मसात झाले. नाट्यगृहात पडदे, लाकडी रंगमंच आणि उंच पोकळी एकत्र असल्याने पडद्यांवर अग्निरोधक प्रक्रिया आणि खेळानंतर वीजपुरवठा तोडणे, दोन्ही आवश्यक.

जिन्यात धूर भरला असेल तर त्यात शिरू नये. खोलीचे दार लावून फटीत ओले कापड कोंबावे, रस्त्याकडच्या खिडकीशी थांबावे. लिफ्ट वापरू नये. 101 किंवा 112 वर वर्दी देताना पेठेबरोबर जवळची तालीम किंवा चौक, मजला, आत अडकलेल्यांची संख्या आणि बोळात गाडी शिरते की नाही, हे सांगावे. गणेशोत्सवात मांडवामुळे रस्ता अरुंद झाला असेल तर तेही कळवावे आणि गाडी येईपर्यंत एकाने बोळाच्या तोंडाशी उभे राहावे.