बराक (महू छावणी)

पलटणीतल्या शिपायांना एकत्र राहण्यासाठी बांधलेली लांबट, एकसारख्या खोल्यांची इमारत म्हणजे बराक. आजच्या मराठी वाचकाला हा शब्द तुरुंगाच्या बातम्यांतून जास्त भेटतो. पण तो आला छावणीतून. इंदूरकरांची छावणी म्हणजे सुमारे २३ किलोमीटरवरचे महू.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांच्या मुलखात इंग्रजी फौज ठेवण्याची वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी इंग्रज सेनानी जॉन माल्कमने महूला तळ दिला. ‘महू’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव असल्याची कथा गावात हौसेने सांगतात. ती खोटी आहे, नाव मूळ खेड्याचेच. महूला थंड हवेचे ठिकाण म्हणणेही जरा सैलच. हा माळव्याच्या पठाराचा काठ आहे, डोंगरमाथा नव्हे. मात्र माळव्यातल्या उन्हाळी रात्री खरोखर सुखाच्या असतात.

१ जुलै १८५७ रोजी सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला झाला आणि रात्री महूची देशी पलटण उठली. त्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या सैन्याचे प्रमाण मुद्दाम वाढवण्यात आले, आणि एवढे सोजीर जगवायचे कसे हा प्रश्न उभा राहिला. सैन्याच्या आरोग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. त्यात गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ निघाला. लढाईत पडणारे थोडेच. बाकीचे ताप, हगवण, पटकी आणि यकृताच्या विकारांनी जात.

दोष हवेवर आला. दलदलीतून उठणारी विषारी हवा जमिनीलगत साचते आणि तापाला कारण होते, असा तेव्हाचा समज. म्हणून बराकीचे जोते उंच, जमेल तिथे निजण्याची सोय वरच्या मजल्यावर, छत उंच, चारी बाजूंना रुंद व्हरांडे आणि आढ्याजवळ गरम हवा बाहेर काढणारे झरोके. माणशी किती घनफूट हवा हवी, याचाही हिशेब मांडला गेला. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात सापडला तो १८९७ साली, सिकंदराबादला. कारण चुकले होते, घर मात्र हवामानाला साजेसे निघाले.

हा सगळा खटाटोप गोऱ्यांसाठी. देशी शिपाई ‘लाइनीं’त राहत: भत्ता घ्यायचा आणि आपली झोपडी आपणच उभारायची. आयोगाचा मुख्य हिशेबही गोऱ्यांचाच होता. छावणीच्या नकाशात दोन्ही वस्त्या एकमेकींपासून लांब आखलेल्या असत.

महूच्या काळी पलटण भागाचे नाव याच वाटणीची आठवण देते. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब तिथे राहत होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव आंबेडकरांचा जन्म तिथेच झाला. आता तिथे स्मारक आहे, आणि दर एप्रिलला महाराष्ट्रातून येणारी माणसे गोऱ्यांच्या बराकींकडे न पाहता तिकडेच जातात.