भेगेला भेग कुठे मिळते?

अ‍ॅबस्ट्रॅक्ट फोटो म्हणजे ज्यातून काही कळत नाही तो फोटो, असं पुष्कळांना वाटतं. आटलेल्या तळ्यातल्या गाळाचा माझा एक फोटो पाहून परवा एकाने विचारलं, "यात बघायचं काय?" बघायचं खूप आहे. कोणती भेग आधी पडली आणि कोणती नंतर, हे त्या फोटोत चक्क वाचता येतं.

ओला गाळ सुकताना आकसतो. वरचा थर आकसू पाहतो, खालचा ओला थर त्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत ताण साठतो आणि जिथे माती कच्ची, तिथे ती फाटते. भेग पडली की तिच्या कडा मोकळ्या होतात, त्यामुळे तिला काटकोनात असलेला ताण आसपास सुटतो. तिला समांतर असलेला ताण मात्र तसाच राहतो. आता, नवी भेग नेहमी सर्वांत जास्त ताणाला आडवी जाते. म्हणून दुसरी भेग दुरून कितीही तिरकी आली, तरी जुनीजवळ पोचताना वळते, काटकोनात तिला भिडते आणि तिथेच थांबते. पुढे सलग मातीच नसते. इंग्रजी 'टी' तयार होतो. टीची आडवी रेघ जुनी, उभी नवी.

घरातली लोणच्याची जुनी चिनीमातीची बरणी उजेडात धरून बघा. तिच्यावरच्या चकचकीत लेपातही असंच जाळं असतं आणि हळद मुरून रेघा पिवळ्या झालेल्या असतात. थर पातळ, म्हणून जाळं बारीक. गाळाचा थर जाड, म्हणून ढेकळं मोठी.

तोच गाळ पुन्हापुन्हा भिजला आणि सुकला, तर भेगा साधारण जुन्याच जागी उघडतात, पण उघडण्याचा क्रम दरवेळी बदलतो. त्यामुळे सांधा थोडाथोडा सरकत राहतो. टी वाकून 'वाय' होतो, कोन १२० अंशांकडे झुकतात आणि षटकोन दिसू लागतात. थंड होणाऱ्या लाव्हातही भेगा पृष्ठभागापासून आत टप्प्याटप्प्याने उतरतात आणि प्रत्येक टप्प्यावर सांधे असेच सुधारत जातात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सुमारे ६० मीटर उंचीचे बेसाल्टचे खांब याच पद्धतीने, साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी घडले. असे खांब दिसले की ते राक्षसांनी रचले म्हणणारे भेटतात. भिंतीच्या गिलाव्यावर बारीक जाळं दिसलं की वास्तुदोष काढून पैसे उकळणारेही भेटतात. गिलावा लवकर सुकला, पाणी मारणं कमी पडलं, एवढाच तो दोष. रुंद आणि वाढत जाणारी भेग असेल, तर मात्र इंजिनिअरला बोलवा.

फोटोसाठी सकाळी सातचं तिरपं ऊन घ्या, म्हणजे भेगांत सावली भरते. मोबाइल जमिनीला समांतर धरा. चौकटीत गवत, चप्पल, आकाश काही येऊ देऊ नका. मोजमाप कळलं नाही की नजर आकारावर टिकते.

तळं जवळ नसेल, तर कॉर्नफ्लॉर पाण्यात दाटसर कालवून वाटीत दोन बोटं थर ओता आणि तापणाऱ्या जुन्या पिवळ्या बल्बखाली ठेवा. आधी वर मोठ्या, काटकोनी भेगा पडतात. पूर्ण सुकल्यावर ढेकूळ अलगद उचलून उलटं करा. खालच्या अंगाला काही मिलिमीटर जाडीचे खांब दाटीने उभे असतात, गिल्बर्ट हिलसारखेच.