शिफारशींसह मान्यता आणि सशर्त मान्यता : अमेरिकी राज्यघटना, १७८८

मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क या वजनदार राज्यांनी अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेला दुरुस्त्यांच्या अटीवर मान्यता दिली, असे विधान अनेकदा वाचायला मिळते. ते चुकीचे आहे. या राज्यांनी दुरुस्त्यांची शिफारस केली, अट घातली नाही. शिफारशींसह दिलेली मान्यता त्याच दिवसापासून पूर्ण असते. सशर्त मान्यतेत मात्र अट पुरी होईपर्यंत राज्य संघाबाहेरच राहते, किंवा बाहेर पडण्याचा हक्क हाताशी ठेवून आत येऊ पाहते.

पहिला मार्ग मॅसॅच्युसेट्सने घालून दिला. मान्यतेचा निर्णय घेण्यासाठी भरलेल्या तेथील परिषदेत विरोधकांचे बळ मोठे होते. राज्याचे गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांनी शिफारस म्हणून नऊ दुरुस्त्या मांडल्या, तेव्हा कुठे ६ फेब्रुवारी १७८८ रोजी १८७ विरुद्ध १६८ मतांनी राज्यघटना मंजूर झाली. सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या व्हर्जिनियात विरोधकांचे नेते पॅट्रिक हेन्री यांचा आग्रह होता की, आधी दुरुस्त्या व्हाव्यात आणि मगच मान्यता द्यावी. तो ठराव ८० विरुद्ध ८८ मतांनी पडला आणि त्याच दिवशी, २५ जूनला, ८९ विरुद्ध ७९ मतांनी मान्यता मिळाली. न्यू हॅम्पशायरच्या रूपाने राज्यघटना अमलात येण्यासाठी आवश्यक नऊ राज्यांची संख्या चारच दिवसांपूर्वी पूर्ण झाली होती, पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क यांच्याशिवाय संघ टिकणे कठीण होते, हे दोन्ही बाजू जाणून होत्या.

हा भेद खऱ्या अर्थाने कसाला लागला तो न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे. तेथे निवडून आलेल्यांत ४६ विरोधक आणि १९ समर्थक होते आणि अध्यक्षस्थानी राज्यघटनेचे कट्टर टीकाकार गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन होते. तडजोड म्हणून असा प्रस्ताव पुढे आला की, ठरावीक वर्षांत दुरुस्त्यांचा विचार झाला नाही तर संघातून बाहेर पडण्याचा अधिकार न्यूयॉर्कने राखून ठेवावा. समर्थकांचे नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांचे मत पत्राने विचारले. राज्यघटना स्वीकारायची तर ती संपूर्ण आणि कायमचीच स्वीकारावी लागेल, अशी अट म्हणजे सशर्त मान्यताच होय आणि तिच्यामुळे न्यूयॉर्क संघाचे सदस्य होणार नाही, असे मॅडिसन यांनी कळवले. अखेर सॅम्युअल जोन्स यांच्या सूचनेवरून ठरावातील ‘या अटीवर’ हे शब्द काढून ‘या पूर्ण विश्वासाने’ असे शब्द घालण्यात आले आणि २६ जुलैला ३० विरुद्ध २७ मतांनी मान्यता मिळाली. एवढ्याशा बदलाने राज्याचे कायदेशीर स्थान पालटले, म्हणून या ठरावाची भाषा काळजीपूर्वक वाचली पाहिजे.

भारताची राज्यघटना संविधान सभेनेच स्वीकारली आणि ती प्रांतोप्रांती भरलेल्या परिषदांपुढे अशी मान्यतेसाठी गेली नाही, त्यामुळे आपल्या वाचकाला हा भेद सहसा जाणवत नाही.

नॉर्थ कॅरोलिनाने ऑगस्ट १७८८ मध्ये आधी दुरुस्त्या हव्यात अशी भूमिका घेतली, आणि नोव्हेंबर १७८९ मध्ये मान्यता देईपर्यंत ते संघाबाहेर राहिले. वॉशिंग्टन यांच्या पहिल्या निवडणुकीतही त्याला मत देता आले नाही.

शिफारस बंधनकारक नसते, आणि तिची किंमतही शिफारस करणाऱ्या तिन्ही राज्यांना मोजावी लागली. मॅडिसन यांनी जून १७८९ मध्ये काँग्रेसपुढे दुरुस्त्या मांडल्या आणि त्यांपैकी दहा १५ डिसेंबर १७९१ रोजी लागू झाल्या. भाषणस्वातंत्र्यासारखे नागरिकांचे हक्क त्यांत आले. तिन्ही राज्यांनी मागितलेली, केंद्राच्या थेट कर बसवण्याच्या अधिकारावरील मर्यादा मात्र काँग्रेसने स्वीकारली नाही.