जुन्या मोटारसायकलचं पासिंग आणि बदलांची परवानगी : आधी कागद, मग पाना

नाशिकमध्ये आरएक्स १००, जुनी बुलेट, येझदी किंवा पहिल्या काळातली स्प्लेंडर घरीच उघडून नव्याने उभी करणारे गल्लोगल्ली सापडतील. हातात कसब असतं, सुटे भागही मिळतात, आणि तरीही तयार झालेली देखणी गाडी पासिंगमध्ये, म्हणजे आरटीओच्या तपासणीत, नाकारली जाते. दोष बहुतेक वेळा इंजिनात नसतो, कामाच्या क्रमात असतो. फ्रेम रंगवून झाली, इंजिन बदललं, मागचं मडगार्ड कापलं आणि मग आरसी बुक शोधायला कपाट उघडलं, असं होतं. नोंदणीचं नूतनीकरण आणि गाडीत बदल करण्याची परवानगी ही दोन स्वतंत्र कामं आहेत. नूतनीकरण आधी करायचं, तेही गाडी मूळ रूपात असताना.

मुदत कुठे चुकते

खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षं चालते आणि पुढे प्रत्येक वेळी पाचच वर्षं. अनेकजण एकदा नूतनीकरण केलं की आता जन्माची काळजी मिटली असं धरून चालतात. १९९२ मध्ये नोंदलेल्या गाडीची मुदत २००७ ला संपली, त्यानंतर २०१२, २०१७, २०२२ आणि आता २०२७. शोरूमच्या बिलावरची तारीख किंवा उत्पादनाचं वर्ष धरू नका. आरसीवर वैधता कधीपर्यंत लिहिली आहे तीच तारीख खरी. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा असतो. त्याहून लवकर केलेला घेतला जात नाही.

उशीर झाला तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा लागतात. दोन वर्षं गाडी आडोशाला पडून राहिली तर हेच ७,२०० होतात. मूळ फी १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये आहे आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ती २,००० केली. पंधरा वर्षांनंतर महाराष्ट्राचा पर्यावरण करही भरावा लागतो. तो राहिला तर अर्ज तिथेच थांबतो, म्हणून फीसोबतच भरून पावती फाइलला लावा. थकलेली ई-चलनंही आधी मिटवा.

मुदत संपलेली गाडी चालवत पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात नेऊ नका. वैध नोंदणीशिवाय रस्त्यावर आणणं हाच गुन्हा आहे, आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. टेम्पोचं भाडं त्यापुढे काहीच नाही.

गाडी नेमकी कोणाच्या नावावर आहे

अर्ज फक्त नोंदणीकृत मालकच करू शकतो. जुन्या गाडीचं आरसी बुक उघडलं की वडिलांचं, आजोबांचं नाहीतर तीन हात आधीच्या मालकाचं नाव निघतं. विकत घेतलेली असेल तर नमुना २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीसकट. मालक हयात नसेल तर नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी सगळ्या वारसांची संमती. कायद्याने मृत्यूची खबर तीस दिवसांत आणि वारसाचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. घरात माणूस गेलेला असताना कोणाला मोटारसायकल आठवत नाही, हे उघड आहे. उशिराने का होईना, हे काम अंगावर घ्याच. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून अख्खी फाइल अडते. भाऊबीजेला सगळे एकत्र येतात, तेव्हाच सह्या घेऊन ठेवा.

दुसरी अडचण कर्जाच्या नोंदीची. हप्ते केव्हाच फिटले, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलं. ते काढायला नमुना ३५ बँकेच्या सही-शिक्क्याने आणि सोबत बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. बँकच उरली नसेल तर ती कोणात विलीन झाली ते पाहा. देना आणि विजया बँकेची कामं १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदाकडे आहेत. १ एप्रिल २०२० पासून आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेकडे, सिंडिकेट कॅनराकडे, अलाहाबाद इंडियन बँकेकडे. शाखेत जुना खाते क्रमांक लागतो. पासबुक किंवा हप्त्याची एखादी पावती घरात सापडली तर ती सोन्यासारखी जपा. आणि कर्जाची नोंद असेपर्यंत गाडीत बदल करायचा तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते, हेही ध्यानात ठेवा.

गाडी गुजरातची असेल, सुरत-वापीकडून स्वस्तात आणलेली, तर तिकडच्या कार्यालयाचं नमुना २८ चं ना-हरकत पत्र आणि इथे नवा एमएच १५ क्रमांक, एवढं झाल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नाही.

संगणकात गाडीच नाही

परिवहन पोर्टलवर वाहन क्रमांक आणि चेसिस नंबरची शेवटची पाच अक्षरं टाकली की माहिती यायला हवी. हाताने लिहिलेल्या पुस्तकाच्या काळातल्या अनेक गाड्यांची माहिती येत नाही, किंवा चेसिसच्या एका अंकाची चूक निघते. मग मूळ आरसी बुक घेऊन बॅकलॉग नोंदीचा, म्हणजे जुनी माहिती संगणकात चढवण्याचा, अर्ज द्यावा लागतो. खात्यानेच शिक्का मारून दिलेलं पुस्तक खात्याच्याच संगणकात नाही, आणि हेलपाटे मात्र अर्जदाराने घालायचे. याचा राग येतो आणि तो रास्त आहे. पण एजंटला पैसे देऊनही ही नोंद मूळ पुस्तकाशिवाय होत नाही, म्हणून ते पुस्तक लॅमिनेट करू नका, कोणाच्या हाती सोडू नका. हरवलंच असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद आणि दुय्यम प्रतीसाठी नमुना २६.

नोंदणीला मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव अक्षरशः जुळतं का, तेही याच वेळी पाहा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी. तीही पोर्टलवरच्या याच माहितीवर मिळते, म्हणून बॅकलॉग आधी, प्लेट नंतर. मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटरची असते. मडगार्ड कापून शेपटी आखूड केलेल्या गाडीला ती बसवायला जागाच उरत नाही.

चेसिस नंबर : सगळ्यात जास्त गाड्या इथे परततात

निरीक्षक चेसिस आणि इंजिनचा क्रमांक स्वतः वाचतो आणि अर्जावरच्या छापेशी ताडून बघतो. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत हँडलच्या गळ्याशी, फ्रेमच्या उभ्या नळीवर कोरलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की दिसतो. तिथली चिखल-ग्रीसची पुटं रॉकेलच्या फडक्याने पुसा, पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवा. ग्राइंडर, खरखरीत पॉलिश पेपर अजिबात नको. नंबर कोरडा झाला की मऊ पेन्सिलीचं शिसं त्यावर घासा, वरून रुंद सेलोटेप दाबून बसवा, नखाने प्रत्येक अंकावर फिरवा आणि एका दमात उचला. टेप पांढऱ्या कागदावर चिकटवली की छाप स्वच्छ उमटते. अशा चार छापा घरीच काढून ठेवा, तपासणीच्या रांगेत घाईत काढलेली छाप धूसर येते.

आता पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवणं. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत फ्रेम देताना लोक फक्त रंग सांगतात. तिथे आधी ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा मारा, होतं, त्यात जुन्या, उथळ कोरलेल्या अंकांच्या कडा झिजतात. मग साठ ते ऐंशी मायक्रॉनचा थर बसतो आणि उरलेल्या खाचा भरून जातात. नंतर रंग खरवडला की अंक आणखी विद्रूप होतात आणि गाडीवर क्रमांकात फेरफार केल्याचा संशय येतो. म्हणून ब्लास्टिंगच्या आधी क्रमांकावर जाड रबराचा तुकडा बांधून घ्या, आणि कोटिंगच्या आधी उष्णतारोधक पॉलिस्टर टेप लावा. भट्टी दोनशे अंशांच्या आसपास असते, साधी मास्किंग टेप जळून जाते. टेप काढल्यावर उघड्या लोखंडावर पातळ क्लिअर लॅकरचा एकच हात द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज अंक खाऊन टाकेल.

क्रमांक खरोखरच गेला असेल तर स्वतःहून पंच मारू नका. मिस्त्री मारून देतो म्हणाला तरी नको. पुन्हा कोरायचं काम आरटीओच्या लेखी परवानगीनेच होतं.

दुरुस्ती कोणती आणि बदल कोणता

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा सरळ अर्थ असा की आरसीवर लिहिलेला तपशील आणि उत्पादकाने ठरवलेलं मूळ रूप यांच्यात फरक पडेल असं काही करू नका. झिजलेला भाग तसाच नवा घालणं ही दुरुस्ती. आरएक्स १०० चा सिलिंडर अर्धा मिलिमीटर रीबोअर करून (आतून रुंद करून) ओव्हरसाइज पिस्टन घातला तर ९८ ची क्षमता १०० सीसीपर्यंत जाते, तरी ती दुरुस्तीच. पण त्याच क्रँककेसवर आरएक्स १३५ चा ब्लॉक चढवला की बोअर ५० वरून ५८ मिलिमीटर आणि क्षमता १३२ सीसी होते. बाहेरून इंजिन नंबर तोच दिसतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. अपघाताच्या दाव्यात सर्वेक्षकाने हेड उघडलं की मात्र सगळं समोर येतं. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांब घातला की व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, बदलतो. तोही आरसीवर असतो.

बदलाच्या बाबतीत चौदा दिवसांची तरतूद बरेचजण उलटी वाचतात. "आधी करा, चौदा दिवसांत कळवा" असा तिचा अर्थ नाही. पूर्वपरवानगी हाच नियम आहे. परवानगीशिवाय बदल झालाच असेल तर तो कळवण्याची ती मुदत आहे, माफीची हमी नाही. कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

इंजिन बदलायचं तर त्याच मेकचं, त्याच मॉडेलचं घ्या. लागणारा कागद भंगारवाल्याकडे बहुधा नसतो : इंजिन क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल. शिवाय ज्या गाडीतून ते काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा आणि चोरीची नोंद नसल्याचा दाखला. एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर क्रमांक टाकून चोरीची नोंद तपासता येते. पैसे देण्याआधी तपासा, नंतर नव्हे. "कागद मागाहून देतो" म्हणणाऱ्याकडून इंजिन घेऊ नका, ते कागद कधीच येत नाहीत. इलेक्ट्रिक किट बसवायचं असेल तर एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेची मान्यता त्या मॉडेलसाठी आहे का, ते किटच्या प्रमाणपत्रावर वाचा.

रंगाची नोंद आरसीवर असते, म्हणून बदलला तर तो नोंदवून घ्या. आणि बुलेटवाल्यांनो, सैनिकी ऑलिव्ह हिरवा देऊ नका. केंद्रीय नियम १२१ प्रमाणे तो रंग संरक्षण दलांच्या गाड्यांसाठीच राखीव आहे. हजारो रुपयांचं पेंटिंग पुन्हा काढावं लागतं, तेव्हा बघणाऱ्यालाही वाईट वाटतं.

तपासणीच्या दिवशी

नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकडायची दांडी, फुटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारं साडी गार्ड लागतं. कॅफे रेसर, म्हणजे आखूड शेपटीची शर्यतीच्या थाटाची गाडी, करताना हेच तीन भाग आधी उतरवले जातात. गार्ड पोटमाळ्यावर असेल तर आणून बसवा. सायलेन्सर मूळचाच. आरसे, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, स्पीडोमीटर चालू हवेत. जुन्या ३५ वॉटच्या होल्डरमध्ये ६० वॉटचा बल्ब घालू नका. होल्डर वितळतो, उजेडही वाढत नाही.

पीयूसीत नापास होण्याचं कारण बहुधा कार्ब्युरेटरचं असतं. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन सावकाश चालू) कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या, पण बीएस ४ या प्रदूषण निकषांपूर्वीच्या गाड्यांना ३.५ टक्के, आणि टू-स्ट्रोकला ६,००० तर फोर-स्ट्रोकला ४,५०० पीपीएम. टू-स्ट्रोकचा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असाल तर लिटरला २० मिली पुरे. भीतीपोटी ४० ओतलं की धूर होतो आणि आकडा चढतो. एअर फिल्टर धुवा, पायलट जेट साफ करा, इंजिन पूर्ण तापल्यावरच मशीनवर लावा.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन आणि पत्त्याचा पुरावा, कर-फीच्या पावत्या, छापांचे कागद. परवानगीने बदल केला असेल तर विमा कंपनीला कळवल्याचं पत्रही जवळ ठेवा. नवं आरसी हातात आलं की पाकीट तिथेच फोडा आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, सीसी आणि वैधतेची तारीख गाडीशी एकेक अक्षर ताडून बघा. चूक महिन्याभराने लक्षात आली, तर दुरुस्तीसाठी नवा अर्ज, नवी फी आणि तीच रांग.