देवळालीचा ताप आणि सुटलेला बोकड : इंग्रजी वाक्प्रचारांची पार्श्वभूमी

नाशिकरोडहून मुंबईकडे निघालं की पहिलं स्टेशन देवळालीचं. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, जुने बंगले, झाडी, कोरडी हवा. मुंबईची माणसं इथे हवापालटाला यायची. पण इंग्रजीत या गावाचं नाव वेडाला चिकटलं आहे. 'टू गो डूलॅली' म्हणजे डोकं फिरणं, आणि हे डूलॅली म्हणजे आपली देवळालीच.

झालं असं की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे ब्रिटिश फौजेचा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी परतण्याआधी इथे येऊन थांबायचे. फौजेची जहाजं मात्र वर्षभर सुटत नसत. हंगाम थंडीचा, मार्चच्या सुमारास तो संपायचा. ज्याची मुदत एप्रिलात भरली, त्याने अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा देवळालीतच काढायचा. करायला काम नाही, खिशात साठलेला पगार, दारू हाताशी, अंगात हिवतापाची कणकण. त्यात एखादा बरळायला लागला की सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय. हा टॅप म्हणजे आपला ताप. पुढे 'टॅप' गळून पडला आणि नुसतं डूलॅली शिपायांबरोबर इंग्लंडात पोचलं. आज लंडनमधल्या ज्या आजी हा शब्द वापरतात, त्यांना त्यात नाशिक जिल्हा दिसत असेल असं वाटत नाही.

माझ्याकडे स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांच्या वहीत वाक्प्रचारांची यादी असते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, मधे एक आडवी रेघ. 'बाइट द बुलेट', रेघ, 'कठीण प्रसंग निमूट सोसणे'. गोळी कसली, ती चावायची कशाला, हे विचारायला परीक्षेत वेळ नसतो, त्यामुळे पंधरा दिवसांत यादी पुसली जाते. खरं तर यातले बरेचसे वाक्प्रचार कधीकाळी कुणाच्या तरी रोजच्या कामातलं साधं बोलणं होतं. काम बंद पडलं, बोलणं राहिलं.

त्यातलं सर्वांत मोठं कोठार बायबलचं. विल्यम टिंडेलने १५२६ साली नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मूळ ग्रीकवरून इंग्रजीत छापून काढला, तोही जर्मनीत, कारण बिशपांच्या परवानगीवाचून बायबल इंग्रजीत आणणं हा इंग्लंडात गुन्हा होता. १५३६ साली ब्रुसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. मात्र १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने जी अधिकृत प्रत निघाली, तिच्यात टिंडेलची वाक्यंच्या वाक्यं तशीच आहेत. 'सॉल्ट ऑफ द अर्थ' (भली, सच्ची माणसं), 'द पॉवर्स दॅट बी' (सत्ताधारी मंडळी) ही त्याचीच.

'स्केपगोट' हा शब्दही त्याचाच, १५३० चा. जुन्या करारातल्या लेवीय नावाच्या पुस्तकात प्रायश्चित्ताचा एक विधी आहे. दोन बोकड आणायचे. चिठ्ठ्या टाकून एक देवाला बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापं उच्चारायची आणि त्याला रानात हाकलून द्यायचं. मूळ हिब्रूत तिथे 'अझाझेल' असा एक अवघड शब्द आहे. टिंडेलने त्याचा अर्थ लावला 'निसटून जाणारा बोकड' आणि 'एस्केप'चं शेपूट धरून 'स्केपगोट' घडवला. म्हणजे हा बोकड मरत नाही, तो सुटतो. आपल्या वर्तमानपत्रांत याच शब्दासाठी सर्रास 'बळीचा बकरा' छापतात. दोनांतला जो वाचला होता, मराठीने नेमका त्यालाच कापला. अर्थ वाचकापर्यंत पोचतो, त्यामुळे तक्रार नाही, पण मला त्या बोकडाचं वाईट वाटतं.

भाषांतरातल्या चुकीतून वाक्प्रचार जन्मणं ही काही मराठीची मक्तेदारी नाही. इरॅस्मस हा डच पंडित ग्रीक-लॅटिन म्हणी जमवायचा. १५०० साली पॅरिसला त्याचा पहिला संग्रह निघाला तेव्हा त्यात आठशेच्या आसपास म्हणी होत्या. आयुष्यभर भर घालत त्याने तो आकडा चार हजारांच्या पुढे नेला. युरोपातल्या शाळांत मुलं त्यावर घोकंपट्टी करत, आणि तिथून कितीतरी म्हणी इंग्रजीत आल्या. त्यातली एक स्पष्टवक्त्या माणसांविषयीची. प्लूटार्क या प्राचीन लेखकाच्या ग्रीकमध्ये मॅसिडोनियाचा राजा फिलिप म्हणतो की आमची माणसं अडाणी, ती 'स्काफे'ला स्काफेच म्हणतात. स्काफे म्हणजे लाकडाचं कोरीव भांडं, काथवट म्हणा. इरॅस्मसने तो शब्द जमीन खणायच्या अवजाराचा मानला. १५४२ साली निकोलस यूडलने तेच इंग्रजीत आणताना कुदळ-फावड्याच्या जागी 'स्पेड' घातला आणि 'टू कॉल अ स्पेड अ स्पेड' रूढ झालं. काथवटीचं फावडं झालं.

उघडताच जगातली सारी संकटं बाहेर पडतात त्या पँडोराच्या पेटीचंही तेच. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या कथेत पेटी नाहीच, 'पिथोस' आहे. ग्रीक लोक धान्य, तेल, दारू साठवायचे तो माणसाच्या उंचीचा मातीचा रांजण. इरॅस्मसने कथा लॅटिनमध्ये सांगताना 'पिक्सिस' म्हणजे डबी असा शब्द वापरला आणि पाचशे वर्षं सगळं जग पेटी उघडत बसलं आहे.

शेक्सपिअरच्या नावावर तर इतके वाक्प्रचार टाकले जातात की त्याने झोप कधी घेतली असा प्रश्न पडावा. बरेचसे त्याच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होते. त्याची नाटकं छापली गेली, टिकली, कोशकारांनी बारकाईने चाळली, म्हणून पहिला पुरावा त्याच्याकडे सापडतो, एवढंच.

दुसरं मोठं कोठार समुद्राचं. शिडाच्या जहाजावर वारा अचानक फिरून शिडांवर समोरून आदळला की शिडं डोलकाठीला चिकटतात आणि चालतं जहाज जागच्या जागी थबकतं. ते 'टेकन अबॅक'. माणूस चकित होऊन अवाक होतो त्यालाही तेच म्हणायला लागले. 'द बिटर एंड' (अगदी अखेरचं टोक) ऐकून आपल्याला कडू शेवट आठवतो. पण कॅप्टन जॉन स्मिथने १६२७ च्या आपल्या नाविक परिभाषेच्या पुस्तकात 'बिटर्स एंड' दिला आहे तो दोराचा. नांगराचा दोर डेकवरच्या ज्या खुंटांना वेढे देऊन बांधतात ते 'बिट्स'. दोराचं जहाजावर राहणारं टोक ते 'बिटर्स एंड'. दोर सोडत सोडत तिथवर पोचलात की सोडायला काही उरलेलं नसतं. कडवटपणा नंतर कानाने चिकटवला.

आणि ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन. २ एप्रिल १८०१, कोपनहेगनची लढाई. नेल्सनची जहाजं डॅनिश तोफांच्या माऱ्यात उभी, वरिष्ठ ॲडमिरल सर हाइड पार्कर मागे दूर. त्याने निशाण चढवलं : लढाई थांबवा. १७९४ साली कॉर्सिका बेटावरच्या काल्वीच्या वेढ्यात नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली होती. तो शेजारच्या कप्तानाला म्हणाला, मला एकच डोळा आहे, कधीमधी आंधळं व्हायचा माझा हक्क आहे. मग दुर्बीण त्या गेलेल्या डोळ्याला लावून म्हणाला, मला काही निशाण दिसत नाही. लढाई चालू राहिली आणि तो जिंकला. दुर्बिणीचा तपशील मागाहून रंगवला असावा असं काही इतिहासकार मानतात, पण 'टू टर्न अ ब्लाइंड आय' म्हटलं की हीच कथा सांगितली जाते.

इथे मराठीतला जुळा भाऊ पाहण्यासारखा आहे. आपण 'कानाडोळा करणे' म्हणतो आणि मनात कान येतो. मूळ शब्द 'काणाडोळा'. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. एक डोळा मिटायचा, दिसलं ते दिसलं नाही करायचं. कोपनहेगनला न जाता मराठी माणूस त्याच प्रतिमेपाशी पोचला होता. पुढे णचा न झाला आणि डोळ्याच्या जागी कान आला. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं एकमेकांकडे बघून एक डोळा मिटतात आणि वाक्प्रचार कायमचा पाठ होतो.

आता सावधगिरीची गोष्ट. वाक्प्रचारामागची कथा जितकी घोटीव, तितका संशय घ्यावा. १९९९ च्या सुमारास इंटरनेटवर एक ईमेल फिरला, पंधराशेच्या शतकातलं जीवन सांगणारा. त्यात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे धो धो पाऊस, याची उपपत्ती होती : घरांची छपरं गवताची, कुत्री-मांजरं उबेला वर जाऊन झोपायची, पाऊस आला की गवत निसरडं होऊन खाली पडायची. मराठीतही हा मजकूर भाषांतरित होऊन अजून फिरतो. ज्याने शाकारलेलं घर पाहिलं आहे त्याला सांगायला नको की चांगलं शाकारलेलं छप्पर पाणी खाली वाहून टाकतं, आणि पावसात कुत्रं उघड्या छपरावर झोपत नाही, ओसरीत शिरतं. लेखी पुरावा असा : १६५१ च्या एका इंग्रजी कवितेत कुत्र्या-मांजरांचा पाऊस आहे, दुसऱ्याच वर्षाच्या सुमारास एका नाटकात कुत्री आणि मुंगसासारखा पोलकॅट नावाचा प्राणी आहे, आणि आजच्या रूपात तो १७३८ साली जोनाथन स्विफ्टकडे दिसतो. कुत्री-मांजरंच का, याचं खात्रीचं उत्तर नाही. आपल्या 'मुसळधार'ला कथा लागत नाही. पागोळी पाहिली, धार मुसळाएवढी होती, म्हटलं मुसळधार.

'बाइट द बुलेट'ची कथा आपल्याला जास्त जवळची, म्हणून जास्त घातक. ती सांगतात १८५७ ची : एनफिल्ड बंदुकीची चरबी लावलेली काडतुसं दाताने तोडायची होती, त्यावरून हा वाक्प्रचार आला. ऐकायला फार छान. पण शिपाई तोडत होते काडतुसाचा कागद, गोळी नव्हे. शिवाय फ्रान्सिस ग्रोसच्या रांगड्या इंग्रजीच्या कोशात अठराव्या शतकाच्या अखेरीसच 'नाइटिंगेल' या शब्दाखाली खुलासा आहे : फटके खाताना जो शिपाई ओरडतो तो नाइटिंगेल, आणि ओरडायची नामुष्की नको म्हणून काही पलटणींतले शिपाई तोंडात गोळी धरून चावत. म्हणजे १८५७ ला मेरठ पेटण्याच्या साठेक वर्षं आधीच गोळी दातांत होती. लाक्षणिक अर्थाने ती छापून आणली १८९१ साली किपलिंगने, जो १८६५ साली मुंबईत जन्मला होता. शस्त्रक्रियेत भूल नसताना गोळी चावायला द्यायचे ही तिसरी कथाही लोकप्रिय आहे. तिच्यापेक्षा चाबकाचा पुरावा जुना आणि लेखी आहे.

असाच आणखी एक भारतीय दावा. 'आय डोंट गिव्ह अ डॅम' (मला काडीची पर्वा नाही) यातला डॅम म्हणजे दाम हे तांब्याचं नाणं, असं यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली आपल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात सुचवलं. अकबराच्या वेळी ४० दामांचा एक रुपया होई, म्हणजे 'मी छदामही देणार नाही' असा अर्थ झोकात बसतो. 'दाम करी काम' म्हणणाऱ्या आपल्याला तो आवडतोही. इंग्रजी कोशकारांनी मात्र पुराव्याअभावी तो सोडून दिला. साधी शिवी आहे ती.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे इंग्रजीतून मराठीत, हा बहुतेक वर्तमानपत्रांनी घडवला. बातमी रात्रीतून मराठीत करायची, मथळा आखूड हवा, मग 'व्हाइट एलिफंट'चा पांढरा हत्ती होतो. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा नको असलेल्या सरदाराला पांढरा हत्ती भेट देई आणि त्याच्या खुराकात सरदार भिकेला लागे, असं इंग्रज सांगतात. आपल्याकडे पांढरा हत्ती म्हणजे इंद्राचा ऐरावत, आणि दारात हत्ती झुलणं हे श्रीमंतीचं लक्षण. तरी आज एखादं तोट्यातलं महामंडळ म्हटलं की मराठी लेखणीतून पांढरा हत्ती आपोआप उतरतो.

'रेड टेप'चं जरा वेगळं. इंग्लंडात वकील आणि सरकारी कचेऱ्या कागदांचे गठ्ठे लालसर फितीने बांधत. १९व्या शतकाच्या मध्यात कार्लाइल या लेखकाने तिच्यावर आसूड ओढला आणि फीत म्हणजेच दिरंगाई झाली. आपण तिची लालफीतशाही केली, शाही हा शेपटा खास आपला. पण कागद बांधून विसरण्यासाठी मराठीला फितीची गरज नव्हती. पेशवे दफ्तरातले कागद पुण्यात कापडी रुमालांत बांधलेले आहेत, आणि पोथी बांधायच्या कापडाला आपण बासन म्हणतो. 'प्रस्ताव बासनात गुंडाळला' हे वाक्य लालफितीपेक्षा सरस आहे असं माझं प्रामाणिक मत. त्यात गाठ मारल्याचा आवाज येतो.

सर्वांत आवडता मात्र 'हिरवा कंदील'. इंग्रज 'ग्रीन लाइट' म्हणतो, आपण कंदील म्हणतो. ज्याने पहिल्यांदा हे मराठीत लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर चौकातला सिग्नल नव्हता, रात्रीच्या फलाटावर गार्डाच्या हातात झुलणारा दिवा होता. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची. गंमत अशी की त्या काळी इंग्लंडच्या रेल्वेत रात्री 'पुढे चला'चा दिवा पांढरा होता. लाल म्हणजे थांबा, आणि हिरवा म्हणजे जपून. पण लाल भिंग फुटून पडलं की आतला दिवा पांढराच दिसायचा आणि गाडी थांबायच्या जागी पुढे जायची. म्हणून एकोणिसावं शतक संपता संपता पांढरा काढून हिरव्याला परवानगीचं काम दिलं गेलं. तोवर तिथला चालक हिरवा कंदील पाहिला की वेग कमी करायचा.